कॉम्प्युटरला न दिसलेली डबी

मामंजींचे पाय दारापाशी येऊन थांबत. ते दमलेले नसत, दुखतही नसत. खिळे ठोकल्यासारखे नुसते थांबत. मन पुढे गेलेलं, अंग पुढे झुकलेलं आणि पाय मात्र जागच्या जागी. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं होतं, पण मामंजी ते तोंडी आणत नसत. "माझे पाय रुसलेत," एवढंच म्हणत.

या रुसलेल्या पायांची समजूत काढायची युक्ती व्यायामवाल्या बाईंनी आणली. कानात ठेका वाजत राहिला की असे अडकलेले पाय निघतात, असं त्या म्हणाल्या. मामंजींची चाल बघून, त्या चालीला बेतून त्यांनी काही सुरावटी तयार केल्या. खाली ठोका, वर एक हलकी धून. त्या सगळ्या एका छोट्या प्लेअरमध्ये घालून दिल्या. घरात त्या प्लेअरचं नाव पडलं 'डबी'. डबीला एकच मोठं, उठावदार बटण. खिशात हात घालून, न बघता, थरथरत्या अंगठ्यानंही ते दाबता येतं. मामंजींनी पहिल्यांदा बटण दाबलं आणि दार ओलांडून ते सरळ अंगणाच्या फाटकापर्यंत गेले, तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले होते. देवाला की बाईंना, ते मलाही सांगता येणार नाही.

"फोनवर लावलं तर चालणार नाही का?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. आम्हीही लावून पाहिलं होतं. भर रस्त्यात कुणाचा तरी फोन आला, ठेका बंद पडला आणि मामंजी समोरून येणाऱ्या गाडीकडे बघत तसेच उभे राहिले. गाडीवाला भला म्हणून थांबला. तेव्हापासून मामंजींनी फोनचं नाव टाकलं.

पण आजार काही एका जागी बसून राहत नाही. मागच्या आठवड्यात ठेका पुढे गेला आणि पाय मागे राहिले. पायरीवर तोल जाऊन ते पडले, कोपर चांगलंच सोललं. बाईंनी येऊन त्यांना चालवून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, तुमची चाल आता जरा संथ झालीय. मी नवीन सुरावटी करून पाठवते. त्या डबीत घातल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. जुन्या ठेक्यावर तर मुळीच नाही."

नवीन सुरावटी यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ईमेलवर आल्या त्या आत्याबाई यायच्या दिवशीच.

आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. खूप लांब राहतात. मामंजींचा आजार सुरू झाल्यापासून त्या आल्या नव्हत्या. त्यांची बस संध्याकाळी आमच्या गल्लीच्या टोकाला थांबणार होती. आणि मामंजींनी आदल्या दिवसापासून एकच धोशा लावला होता.

"आक्काला आणायला मी जाणार. माझ्या पायांनी."

"अहो, ती काय पाहुणी आहे का?" सासूबाई म्हणाल्या. "येईल की पत्ता शोधत. नाहीतर मोठी जाईल."

मोठी म्हणजे मी. थोरली सून.

"मी खुर्चीत बसलेला तिला पहिल्यांदा दिसणार असेन, तर तिला सांगा, येऊच नको," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाजही हल्ली बारीक झालाय, पण हे वाक्य सगळ्या घराला ऐकू गेलं.

सकाळी माझी प्रार्थना आटोपून मी बाहेर आले, तर हे कॉम्प्युटरसमोर घामाघूम. यांचं काम नकाशे काढण्याचं. दिवसभर कॉम्प्युटरवरच असतात, त्यामुळे घरातली ही खाती यांच्याकडे. डबीला वायर जोडली होती. डबीवरचा छोटा दिवा लागला होता. पण कॉम्प्युटर डबीला ओळख देईना. पडद्यावर तिचं चित्र येतं तिथे काहीच नाही.

"काल होती ना ठीक?" मी विचारलं.

"कालचं काय घेऊन बसलीस? काल मी पण ठीक होतो."

त्यांनी वायर काढली, दुसऱ्या भोकात घातली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. कुठलासा प्रोग्राम उतरवून घेतला. जुना काढला, नवा टाकला. वायर बदलली, मग पुन्हा पहिली लावली. डबी उलटी करून टेबलावर हलकेच आपटली. मामंजी पलीकडच्या खुर्चीतून सगळं बघत होते. पायात बूट सकाळपासून घालून बसले होते.

दुपार कलली तसा यांचा धीर सुटायला लागला. "आता एकच उपाय," हे म्हणाले. "डबी पूर्ण कोरी करायची. सगळं पुसून नव्यानं सुरू करायची. डबीतच सोय आहे तशी."

"आणि त्यानंतरही दिसली नाही तर?"

कोरी झाली आणि तरीही कॉम्प्युटरला दिसली नाही, तर तिच्यात नवं जाणार नाही आणि जुनंही गेलेलं. जुनी सुरावट संथ नसली तरी घरातल्या घरात, कुणीतरी हात धरला तर, तिच्यावर चार पावलं पडत होती. तीही गेली असती.

तेवढ्यात फाटक वाजलं. धाकटी आली होती. माझी जाऊ.

तिच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ती बेकरीत भट्टीवर काम करते. पहाटे जाते, दुपारी येते, कोपरापर्यंत पिठाची. बोलणं असं की शेजाऱ्यांनी रेडिओ बंद करून ऐकावं. मामंजींनी तिचं नाव 'तोफ' ठेवलंय. देवाधर्माशी तिचं काही देणंघेणं नाही. माझे नेम, माझे उपास यांवर रोज एक तरी गोळा पडतोच. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर ज्या दिवशी पडत नाही, त्या दिवशी तिला बरं नाही की काय, असं वाटतं.

"ताई, आजचा नेम कुठला?" चप्पल काढता काढता तिनं विचारलं.

"आज कोणाला उणं बोलायचं नाही."

"अरेरे! म्हणजे आज तुमचं दादांशी बोलणंच बंद." मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं, मामंजींच्या बुटांकडे गेलं, आणि तिचा आवाज बदलला. "काय झालं?"

यांनी सांगितलं. सकाळपासून काय काय केलं ते सगळं. ती हात धुऊन आली, पुसत पुसत ऐकत राहिली.

"दादा, तुम्ही पुष्कळ केलंत. पण सगळं एकदम केलंत," ती म्हणाली. "पाव बसला तर आम्ही पीठ, पाणी आणि आच एकाच दिवशी बदलत नाही. तिन्ही बदललं आणि पाव फुगला, तरी कशानं फुगला ते कळत नाही. आणि नाही फुगला तर मग बोंबललंच."

"तुमच्या भट्टीला कॉम्प्युटर जोडलाय का?"

"नाही जोडला, म्हणून तर रोज पाव मिळतो तुम्हाला."

खुर्चीतून मामंजी हसले. बारीकसं, घशातल्या घशात. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं हसू.

ती यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली. कॉम्प्युटरला तिनं हात लावला नाही. यांनाच म्हणाली, "तुमच्या हाताखालचं यंत्र आहे, तुम्हीच चालवा. मी नुसतं विचारते. एका वेळी एकच गोष्ट. बाकी सगळं जसंच्या तसं."

मग सुरू झालं ते मी दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिले. मी रोज माळ ओढते. एक मणी, मग दुसरा. मणी गाळायचा नाही, दोन एकदम ओढायचे नाहीत, आणि मन पुढच्या मण्यावर जाऊ द्यायचं नाही. हे मला इतक्या वर्षांत धड जमलेलं नाही. आणि ही, देवाला न मानणारी, भट्टीवरची बाई, ते माझ्यासमोर सहज करत होती.

"डबी स्वतः जिवंत आहे का?"

इअरफोन मामंजींच्या कानात घालून बटण दाबलं. जुना ठेका वाजला. मामंजींचा उजवा पाय खुर्चीतच हलला.

"जिवंत आहे. आता वायर लावा. दिवा लागतो?"

"लागतो ना. चार्ज होतेय. म्हणजे वायर चांगलीच आहे."

"चार्ज होतेय म्हणजे चार्ज होतेय. एवढंच. वायर चांगली आहे की नाही, ते तिला विचारू नंतर. आता डबी बाजूला ठेवा. याच भोकात दुसरं काहीतरी लावा."

यांनी आपल्या कामाचा पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर लगेच आला.

"म्हणजे कॉम्प्युटरचं भोक शहाणं आहे. आता याच भोकात हीच वायर, पण दुसऱ्या टोकाला डबी नको. असं दुसरं काय आहे, ज्याला ही वायर बसेल?"

हे टेबलाचे खण उघडून बघायला लागले. मीच म्हटलं, "तुमचा जुना कॅमेरा?"

"ताई, तुम्ही बोललात! जपून हं, नेम मोडेल."

कपाटातून कॅमेरा काढला. जुनाच, पण सांभाळून ठेवलेला. वायर लावली आणि पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र उमटलं. आत कुठल्यातरी सहलीचे फोटो. हे लगेच ते उघडायला लागले.

"दादा! सहल नंतर."

"नाही, नुसतं बघत होतो..."

"म्हणजे वायर चांगली. भोक चांगलं. कॉम्प्युटर चांगला. उरलं काय?"

उरली होती ती डबी. आणि डबीच बिघडली असेल, तर पुढे करण्यासारखं काही नव्हतं. मामंजींनी बुटांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते वाकून नाड्या सोडायला लागतील. नाड्या सोडायला त्यांना फार वेळ लागतो आणि तोवर त्यांच्याकडे बघवत नाही.

धाकटीनं मात्र निकाल दिला नाही. तिनं डोळे मिटले. वायर कॅमेऱ्यातून काढली, पुन्हा घातली. काढली, घातली. मग तीच वायर डबीत घातली. काढली, घातली. चेहरा असा की भट्टीतून काढलेल्या पावाच्या बुडाला टिचकी मारून ऐकतेय.

"खट होत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"कॅमेऱ्यात वायर गेली की शेवटी खट होतं. बोटाला कळतं. डबीत ती गादीवर बसल्यासारखी बसते. हे बघा."

तिनं दोन्ही शेजारी धरले. मी चष्मा नीट करून पाहिलं. कॅमेऱ्यात वायरच्या टोकाचं पत्र्याचं तोंड पूर्ण आत गेलं होतं. डबीत मात्र बाहेर एक चकचकीत कड राहत होती. नखाच्या कडेएवढी असेल.

"आत काहीतरी बसलंय," ती हळूच म्हणाली. तोफेला हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "विजेचे पत्रे जरा पुढे असतील, म्हणून वीज पोचते. बाकीचे पोचत नाहीत. ताई, टॉर्च. आणि दात कोरायची काडी. लाकडी."

"सुई देऊ?"

"सुई नको. आतलं नाजूक असतं, आणि सुई म्हणजे लोखंड."

तिनं डबी पूर्ण बंद केली. माझ्या हातातला टॉर्च आपल्याला हवा तसा वळवला. काडी घातली आणि श्वास धरला. मीही धरला, का कोण जाणे. काडी कुठेही खुपत नव्हती. कडेकडेनं जात होती, झोपलेल्या बाळाचं नख कापावं तशी. बराच वेळ काही आलं नाही. मग टोकाला जांभळं काहीतरी दिसलं. तिनं ते हलकेच बाहेर ओढलं.

लोकर. दाबून दाबून नमद्यासारखी घट्ट झालेली, डबीच्या तोंडाच्या आकाराची जांभळ्या लोकरीची चकती.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. जांभळी लोकर घरात एकाच ठिकाणी होती. थंड डबी मामंजींच्या हातातून निसटते म्हणून सासूबाईंनी तिला जांभळ्या लोकरीचं अंगडं विणलं होतं. पिसासारख्या मऊ लोकरीचं. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून बोटांनी टाके मोजून. चार्ज करायला अंगडं काढावं लागू नये म्हणून त्याला खाली एक भोकही ठेवलं होतं. रोज वायर त्या भोकातून जाताना लोकरीचा एखादा तंतू घेऊन आत जात होती.

सासूबाई पलीकडच्या पलंगावर बसल्या होत्या. "सापडलं का गं काही?" त्यांनी विचारलं.

माझा नेम उणं न बोलण्याचा, आणि खोटं तर मी कधीच बोलत नाही. या दोन्हींच्या मधे काय बोलावं, मला सुचेना. धाकटीनं चकती मुठीत घेतली.

"कचरा बसला होता, आई. निघाला," ती म्हणाली. तिच्या नेहमीच्या आवाजात, पण बार न उडवता. "तेवढं हे अंगडं घ्या. त्याच्या भोकाला सदऱ्याच्या काजासारखे टाके घालून देता? वायर पटकन जाईल."

सासूबाईंनी अंगडं हातात घेऊन त्याचं भोक चाचपलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझीच लोकर आत जात होती."

धाकटीची मूठ आणखी घट्ट मिटली.

"माझे डोळे गेलेत, कान नाहीत. 'काजासारखे टाके' म्हणे! आण ती सुई. आणि सरळ सांगत जा मला. एरवी तर सगळ्या गल्लीला सांगत असतेस."

"एरवी माझं डोकं ठिकाणावर नसतं, आई."

"आज बरं सापडलं!"

मामंजी खुर्चीतून म्हणाले, "अंगडं काढू नका. हाताला बरं वाटतं ते." मी सुईत दोरा ओवून दिला तेव्हा सासूबाईंचा चेहरा उजळलेला होता.

वायर लावली. खट झालं. मलासुद्धा ऐकू आलं. पडद्यावर डबीचं चित्र आलं आणि हे खुर्चीतून अर्धे उठले. नवीन सुरावटी आत गेल्या. घाईघाईत हे वायर ओढणार तोच धाकटीनं हात धरला. "आधी कॉम्प्युटरला सांगा, आम्ही निघालो. मग काढा. न सांगता उठून जाऊ नये."

"बेकरीत शिकवतात वाटतं हे?"

"नाही, हे आईंनी शिकवलंय."

बसची वेळ होत आली होती. मामंजी दारापाशी आले आणि नेहमीसारखे थांबले. अंग पुढे, पाय मागे. हात खिशात गेला. अंगठ्यानं बटण शोधलं. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. इअरफोन त्यांच्या कानात. फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. आधी ते नुसते ऐकत राहिले. मग मानेनं ठोका धरला. मग उजवा पाय उचलला, आणि तो बरोबर त्यांच्या स्वतःच्या वेळेला खाली आला. मग डावा. घाई नाही, ओढाताण नाही. त्या बाईंनी किती नीट पाहिलं होतं त्यांना! एका म्हाताऱ्या माणसाची आजची चाल कितीची आहे, ते ओळखून कुणीतरी तेवढंच दिलं होतं, कमी नाही आणि जास्त नाही.

मी आणि धाकटी मागून निघालो. बेतानं अंतर ठेवून. फाटकातून बाहेर, पायऱ्यांच्या कडेनं, सायकलवाल्याच्या दुकानासमोरून. फूटपाथची एक फरशी उचकटलेली आहे, तिथे माझा हात आपोआप पुढे गेला. धाकटीचे दोन्ही हात पाठीमागे होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले. बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिलाही पुढे व्हायचं होतं. ती स्वतःला धरून चालली होती. मी माझा हात मागे घेतला. मामंजी फरशीवरून पलीकडे गेले.

थांब्यावर बाक रिकामा होता, पण ते बसले नाहीत. बसलं तर उठताना आक्काच्या समोर फजिती होईल, हे न बोलताही कळत होतं. ते उभ्या उभ्याच जागच्या जागी पाय हलवत राहिले. येणारे-जाणारे बघत होते. बघोत.

बस आली. दार उघडलं. आत्याबाई आधी पिशवी पुढे करून मग आपण उतरतात, अशी त्यांची जुनी पद्धत. मामंजी दारापर्यंत चालत गेले. आत्याबाईंनी वरून पाहिलं. त्यांना फोनवर सगळं कळलेलं होतं. आजाराचं नावही आमच्यापेक्षा त्यांना नीट म्हणता येत होतं. त्यांनी पिशवी पुढे केली. मग म्हणाल्या, "आलास होय? धर ही पिशवी. मला उतरू दे."

पिशवी जड होती. मी दोन पावलं पुढे झाले. आजारी पडल्यापासून या घरात मामंजींच्या हातात कोणी पाण्याचा भरलेला पेलासुद्धा दिला नव्हता. धाकटीनं माझा पदर ओढला.

मामंजींनी पिशवी धरली. हात थरथरला, पिशवी हलली, पण सुटली नाही. आत्याबाई कठडा धरून खाली उतरल्या, साडी झटकली आणि गल्लीकडे बघून म्हणाल्या, "चल. अजून तिथेच राहता ना?"

"तिथेच," मामंजी म्हणाले. खिशात हात घालून त्यांनी बटण चाचपून घेतलं. "फक्त जरा हळू चल, आक्का. आता मी संथ चालतो."

"मी काय पळतेय का?" आत्याबाई म्हणाल्या, आणि चालायला लागल्या. पिशवी परत मागितली नाही. ती शेवटपर्यंत मामंजींच्याच हातात होती.